बेबीताईंचा बेपत्ता भाडेकरू

माझ्या हातून आजवर ज्या मोठ्या चुका झाल्या, त्या सगळ्या दुपारच्या जेवणानंतर झाल्या आहेत. भरल्या पोटी मला आपण फार हुशार आहोत असं वाटू लागतं. (लग्नाला होकारसुद्धा मी पुरणपोळीच्या जेवणानंतरच दिला होता. पण तो विषय इथे नको, घरची मंडळी वाचतात.)

तर गेल्या जानेवारीतली अशीच एक दुपार. जबलपुरातल्या एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क आहे. इन्कम टॅक्समधून सूट हवी असेल तर विमा, घरभाडं वगैरे जे काय असेल ते लिहून द्या, असा दरवर्षीचा फॉर्म टेबलावर आला होता. माझ्याकडे लिहिण्यासारखा एकच विमा होता आणि त्याचाही हप्ता चुकलेला. शेजारच्या टेबलावरच्या यशोधननं माझ्या फॉर्मकडे पाहिलं.

"काहून कोरा सोडून राहिले, देवपुजारी? भाडं टाका ना."

"मी कुठं भाडं भरतो?"

"भरत नाही ते माहीत आहे. लिहायला काय जाते?"

इथे थोडी घरची परिस्थिती सांगायला हवी. शहरातल्या कांचघर भागात माझ्या सासूबाईंचं दुमजली घर आहे. खाली त्या राहतात, वर मी आणि शाळेत नोकरीला असलेली माझी बायको विभावरी. पण मी घरजावई नाही. आमचा जिना वेगळा आहे. (हे वाक्य मी बारा वर्षांत इतक्या वेळा बोललोय की ओळखीचे लोक आता तब्येतीच्या आधी जिन्याचीच चौकशी करतात.)

सासूबाईंना अख्खी गल्ली बेबीताई म्हणते. नावावर जाऊ नका. चौतीस वर्षं गणित शिकवून त्या मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या. पेन्शनीचा हिशेब पट्टीनं रेघा मारून ठेवतात आणि स्वतःचं रिटर्न स्वतः, वेळेच्या आधी भरतात. त्यांच्या पॅनकार्डाची झेरॉक्स माझ्या ड्रॉवरमध्ये होती, गॅसच्या कामासाठी दिलेली. ती मी काढली आणि घरमालकाच्या रकान्यात त्यांचं नाव आणि नंबर घातला. भाडं लिहिलं महिना बारा हजार. हा आकडा ठरवताना मी मनातल्या मनात घासाघीससुद्धा केली. दहा म्हणजे घराचा अपमान झाला असता, आणि पंधरा मला परवडले नसते.

खरं सांगतो, पैशापेक्षाही एका गोष्टीनं मला गुदगुल्या झाल्या. सरकारदरबारी आता मी भाडेकरू होतो. ताठ मानेनं राहणारा, महिन्याच्या महिन्याला पैसे मोजणारा, स्वाभिमानी माणूस. पावत्या कोणी मागितल्या नाहीत. मार्चपर्यंत पगारातून टॅक्स वीसेक हजारांनी कमी कापला गेला.

त्या पैशांतून मी दोन मोठे कूलर घेतले. एक आमच्यासाठी वर, एक खाली सासूबाईंना. "इन्सेन्टिव्ह मिळाला," असं घरी सांगितलं. मे महिन्यात त्या कूलरसमोर बसून बेबीताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "जावयानं घेऊन दिला. आजकाल कोण करते एवढं?" मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. खालून हाक आली.

"श्रीरंगराव! जरा खाली या बरं. फोनपण आणा."

आवाज मुख्याध्यापिकेचा होता. मी अर्ध्या दाढीनिशी खाली गेलो. बेबीताई चष्मा लावून मोबाइल हातभर लांब धरून बसल्या होत्या.

"इन्कम टॅक्सचा मेसेज आला. मी म्हणे वर्षाचं एक लाख चव्वेचाळीस हजार भाडं घेऊन राहिली आणि रिटर्नमध्ये लपवून राहिली. मी! लपवून!"

माझ्या गालावरचा फेस तिथल्या तिथे वाळला.

"अच्छा?" मी म्हणालो. "कोणाकडून घेऊन राहिल्या?"

"तेच तर विचारून राहिली मी तुम्हाला! माझ्या घरात भाडेकरू आहे कुठं?"

या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यातून निघालं ते असं: "आई, हा फ्रॉड दिसतो. आजकाल पॅनकार्डं चोरतात लोक."

चूक केली. बेबीताईंना रोज सकाळी मोबाइलवर अशा फसवणुकींच्या पाच-सहा बातम्या येतात आणि आपल्या वाट्याला एकही येत नाही, अशी त्यांची बहुधा खंत होती. त्या ताडकन उठल्या.

"मलाही हेच वाटलं! कोणी लफंगा माझ्या नावावर घर दाखवून राहिला. सोडत नाही त्याला!"

दहा मिनिटांत समोरचे भय्यासाहेब हजर झाले. हे टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत आणि तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक भानगडीचा तपास त्यांच्याकडे असतो. त्यांनी वहीत नोंद केली आणि मला विचारलं, "श्रीरंगजी, पॅनची झेरॉक्स कोणाकोणाकडे होती?"

"गॅसवाल्याकडे," मी म्हणालो. "बँकेत. आणखी... असेल कुठं कुठं."

"आणि तुमच्याकडे?"

"माझ्याकडे काहून असेल?"

"नाही, घरचे आहात म्हणून विचारलं. चलो, कोणी जवळचाच आहे. बाहेरच्याला बेबीताईंचा नंबर कसा मिळेल? अन् हरामखोर बारा हजार दाखवते म्हणजे घराची कल्पना आहे त्याला. बरोबर रेट लावला."

(बरोबर रेट लावला, हे ऐकून त्याही अवस्थेत मला किंचित बरं वाटलं.)

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली होती की बेबीताईंच्या घरात एक बेपत्ता भाडेकरू आहे. दूधवाल्यानं मला विचारलं, "भैया, पकडा गया क्या?" रात्री जेवताना विभावरी म्हणाली, "किती नीच माणूस असेल ना? एकट्या बाईचं नाव वापरलं." मी तिसरी पोळी परत ठेवली. बारा वर्षांत मी पोळी परत ठेवलेली नव्हती, पण तिचं लक्ष गेलं नाही.

बेबीताईंचा बेत सकाळी सायबर पोलिसांकडे जायचा होता. मी कसंबसं पटवलं की आधी इन्कम टॅक्स ऑफिसात चौकशी करू, मी एकटा जाऊन येतो, तुमचे गुडघे दुखतात.

"गुडघे माझे आहेत," बेबीताई म्हणाल्या. "मी येते."

ऑटोत त्या संपूर्ण रस्ता माझा हात धरून बसल्या होत्या. "तुम्ही आहात म्हणून बरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतर मी एकटी बाई कुठं कुठं गेली असती." चौतीस वर्षं पोरांना थरथरवणारी बाई एका मेसेजला घाबरली होती. आता सांगून टाकावं, अगदी पुढच्या चौकात सांगावं, असं मी ठरवलं. चौक आला, ऑटोवाल्यानं करकचून ब्रेक मारला, आणि माझं धैर्य पुढच्या सीटवर आदळलं.

ऑफिसात मदतीच्या टेबलावर सलोनी मॅडम म्हणून एक तरुण अधिकारी होत्या. इतक्या शांत आणि अदबशीर, की माझी शेवटची आशाही गेली. आरडाओरडा झाला असता तर मला गोंधळात पळता आलं असतं. त्यांनी बेबीताईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून त्यांचं खातं उघडलं.

"माताजी, घबराइए मत. इसमें लिखा रहता है कि किराया किसने दिखाया है."

"लिखा रहता है?" हे मी विचारलं.

"हाँ जी, पूरा नाम. एक मिनट." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि स्वच्छ उच्चारात वाचलं, "श्रीरंग वामनराव देवपुजारी."

डोक्यावर पंखा कुरकुरत होता. मॅडमनी आपुलकीनं विचारलं, "आप इन्हें जानती हैं?"

बेबीताईंनी मान वळवली. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, गणिताचा चुकलेला पेपर पाहावा तसं.

"जानती तो थी," त्या म्हणाल्या.

"कहाँ मिलेंगे ये?"

"यहीं. मेरे बाजू में बैठे हैं."

मी उठून नमस्कार केला. (दुसरं काय करणार? ओळख करून दिली होती.)

मॅडमना हसू आवरण्यासाठी फाइल उचलावी लागली. मग त्यांनी समजावलं. भाडं खरंच दिलं असेल तर माताजींना ते उत्पन्नात दाखवावं लागेल. दिलं नसेल तर माताजींनी इथेच 'ही माहिती चुकीची आहे' असं नोंदवायचं आणि मी माझं रिटर्न दुरुस्त करून, वाचवलेला टॅक्स व्याजासकट भरायचा. अजून मुदत आहे, स्वतःहून भरलेलं बरं. "ज़्यादातर लोग यही करते हैं, सर. आप अकेले नहीं हैं," त्या म्हणाल्या. ज्या कंपूत मी बसत होतो त्याचा मला काही अभिमान वाटला नाही.

परत येताना ऑटोत बेबीताई दुसऱ्या टोकाला बसल्या. घर येईपर्यंत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कूलर त्यातूनच?"

"हो."

"दोन्ही?"

"हो."

घराशी भय्यासाहेब वही घेऊन उभेच होते. विभावरी शाळेतून आलेली होती, ती दारात. दोन-तीन शेजारणी होत्या. भय्यासाहेबांनी पेन उघडलं. "मिळाला का तो बदमाश?"

मी डोळे मिटले. बारा वर्षांचा मान, तो वेगळा जिना, सगळं आता गल्लीत पालथं पडणार होतं.

"कंप्युटरची चूक निघाली," बेबीताई म्हणाल्या. "कोण्या दुसऱ्याचं नाव चिकटलं होतं. चला, आपापल्या घरी जा."

भय्यासाहेबांनी निराश होऊन पेनाला टोपण लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दार लागल्यावर मी वाकून त्यांचे पाय धरले.

"उठा," त्या म्हणाल्या. "गल्लीसमोर माझ्या पोरीचा नवरा होता म्हणून वाचवलं. आता घरातलं बोलू."

घरातलं बोलणं दीड तास चाललं. त्यातला विभावरीचा भाग मी इथे देत नाही, कागद पुरायचा नाही. टॅक्स आणि व्याज मिळून एकवीस हजारांच्या वर गेले. ते मी भरले, रिटर्न दुरुस्त केलं. शेवटी बेबीताई म्हणाल्या, "तुम्हाला भाडेकरू व्हायची इतकी हौस आहे तर व्हा. पहिल्या तारखेपासून महिना बारा हजार. मी रिटर्नमध्ये दाखवीन. सगळं कायद्यानं."

विश्वास ठेवा, मला आनंद झाला. पैसे जाणार होते, पण सूट तर खरीखुरी मिळणार होती आणि घरजावईपणाचा डाग कायमचा पुसला जाणार होता. मी स्वतः पाचशेचा स्टॅम्प पेपर आणला. बेबीताईंनी पट्टीनं समास आखून करारनामा लिहिला. मी खिशातून पेन काढलं आणि वाचू लागलो.

"आई, इथं भाडेकरू म्हणून विभाचं नाव आहे."

"मग? तिलापण शाळेत पगारासोबत घरभाडं मिळते. तिनं सूट घेतली तर काय बिघडते? तुम्ही तिच्या खात्यात टाका, ती माझ्या खात्यात टाकेल."

"म्हणजे पैसे माझे आणि सूट तिला?"

"घर देताना माणसाचं रेकॉर्ड पाहावं लागते, श्रीरंगराव. तुमचं मला मॅडमनं वाचून दाखवलं."

"पण मग या करारात मी कुठं आहे?"

विभावरीनं सही केली, कागद उलटा केला आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'भाडेकरूसोबत एक इसम राहील. त्याच्या वर्तणुकीची संपूर्ण जबाबदारी भाडेकरूवर असेल, आणि त्याच्यामुळे घरमालकिणीस त्रास झाल्यास भाडेकरूस जागा न सोडता फक्त इसम बदलण्याची मुभा राहील.'