आपांच्या मेलचं गाऱ्हाणं

मेल बघण्याआधी गाऱ्हाणं घालणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. वेंगुर्ल्यात माझ्या घराच्या पुढच्या अंगाला राहायचे, आपा रेडकर. कॉम्प्युटर सुरू झाला की ते टेबलावर नारळ ठेवत, हात जोडत आणि खणखणीत आवाजात सुरुवात करत. “बा सर्व्हर म्हाराजा, तू आसशीत थंयसून आज ह्या लेकराची हाक आयक. वाटेत खंय तार तुटली आसात, खांबो पडलो आसात, कोणी वाकडी नजर घातली आसात, ता समदा दूर कर. आणि बाबलोचो मेल सुखरूप हंय पोचतो कर.”

एवढं म्हणून ते थांबत. कारण गाऱ्हाणं एकट्याला घालता येत नाही. एकाने देवाकडे मागायचं आणि भोवतालच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. आपांच्या भोवताली कोणी नसायचं. लग्न केलेलं नव्हतं, घरात मांजरसुद्धा नव्हतं. मग ते खिडकीतून मला हाक मारत, “मास्तरा, जरा व्हय म्हण रे.” मी हातातला चहा सांभाळत आमच्या पडवीतून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो आणि मगच तिकडे मॉडेमचा किरकिराट सुरू व्हायचा.

मी तेव्हा बाजारात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. डोकं शास्त्रीय, स्वभाव तापट. सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी गार खोलीत ठेवलेलं एक यंत्र, त्याला नारळ कळत नाही, हे मी आपांना अनेकदा सांगून पाहिलं. ते शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, “पण वर्दी दिल्यावर काय वाईट होता काय?” आपांची नोकरी बंदर खात्यात गेलेली. वादळाचा बावटा चढवायचा, होड्यांना वर्दी द्यायची, आलेली-गेलेली गलबतं वरच्या साहेबाला कळवायची. वर्दी दिल्याशिवाय काही करायचं नाही, हे हाडात मुरलेलं. दाढीला न्हावी बोलावला तरी आधी देवाला वर्दी. पंख्याला तेल घालायचं तरी वर्दी. एकदा त्यांच्या छपरावर चढून मी फोनची वायर ओढत होतो, तर खाली उभे राहून हे जागेची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, माझं नाव, गाव आणि वजन सांगत होते.

कॉम्प्युटर आला तो बाबलोमुळे. बाबलो म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. तो जहाजावर नोकरीला लागला. जहाजावरून फोन करणं परवडत नाही, पण मेल टाकता येतो, म्हणून आपांनी साठलेल्या पैशातून यंत्र घेतलं आणि माझ्या मागे लागून मेलचा प्रोग्रॅम बसवून घेतला. फोन लावायचा, आलेला मेल उतरवून घ्यायचा, फोन तोडायचा आणि मग निवांत वाचायचं. उतरवून घेतला की सर्व्हरवरचा मेल पुसून टाकायचा, अशी मी सोय केली. जागा थोडी असते, पेटी भरली की नवा मेल परत जातो.

दुसऱ्याच दिवशी आपांनी बोलावून घेतलं. “थंय वरती एक प्रत ऱ्हवाक होयी.”

“कशाला? तुमच्याकडे उतरली ना?”

“तुका काय करूचा आसा? ठेव म्हटलंय ना, ठेव.”

मी ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’च्या चौकोनात खूण केली. दर दोन महिन्यांनी पेटी भरायची, कारण बाबलो जहाजाच्या भोंग्याचेसुद्धा फोटो पाठवायचा. दर वेळी मी म्हणायचो, ती खूण काढू या. दर वेळी आपा माझा हात धरायचे. शेवटी जुने मेल एकेक वाचून, हा जाऊ दे, हा ऱ्हवाने, असं करत तासन्‌तास बसायचे. मी वैतागायचो. एवढा हट्टी विद्यार्थी मला क्लासात कधी भेटला नाही.

पण हे काहीच नाही. खरा घोळ झाला तो परवलीच्या शब्दाचा.

मी क्लासात पहिल्या दिवशी शिकवायचो की पासवर्ड बायकोलाही सांगू नका. आपांनाही तेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आणि पुढच्या राखणीला, म्हणजे आवाराच्या कोपऱ्यात राखणदाराचा जो दगड आहे त्याला वर्षाचा कोंबडा-नारळ देताना, वाडीतली पंधरा-वीस माणसं हात जोडून उभी असताना, ह्या गृहस्थाने सगळा पासवर्ड गाऱ्हाण्यात घातला. “बा राखणदारा, घराची चावी तुका ठावक, माडाचो हिशोब तुका ठावक, तशी ह्या मेलाची चावीय तुका ठावक आसूक होयी.” आणि एकेक अक्षर. प्रत्येक अक्षरावर वाडी म्हणतेय, व्हय म्हाराजा. मीही होतो त्यात. तिसऱ्या अक्षराला माझ्या लक्षात आलं.

“आपा, सगळ्या गावाला कळलं,” मी नंतर डोकं धरून म्हणालो.

“देवापासना लपवूचा नाय.”

“देवाला कानात सांगायचं.”

“कानात सांगूक तो काय बहिरो आसा?”

वाडी चार दिवस हसली आणि विसरली. वाडीत कॉम्प्युटर होते दोन, एक आपांचा आणि एक माझा. चोरून मेल वाचणार कोण, असं म्हणून मीही विषय सोडून दिला.

आता वयनीबद्दल सांगायला हवं. आपांच्या थोरल्या भावाची बायको, बाबलोची आई. चिऱ्यांच्या गडग्यापलीकडे, म्हणजे आवाराच्या बुटक्या भिंतीपलीकडे तिचं घर. काजूच्या कारखान्यात मुकादम होती, सोलणाऱ्या बायकांवर नजर ठेवायची. तिचा नवरा मासेमारीच्या होडीवरून गेला तो आलाच नाही. तेव्हा बाबलो शाळेत होता. आपांनी मुलाला वाढवलं, आणि वयनी दोघांना जेवायला वाढायची. आपांचं ताट वर्षानुवर्षं तिच्याकडेच. मग मुलगा मोठा झाला आणि त्याने समुद्राचंच नाव काढलं. आई नको म्हणत होती. आपांनी बंदर खात्यातल्या जुन्या ओळखीने त्याचे कागद करून दिले. तो गेला त्या दिवशी वयनीने आपांना सांगितलं, “तुमी धाडलात, तुमीच तेची खबर घेवा. माका सांगूक येव नकात.” बाबलोने घरी फोन केला तर तिने तो न बोलता खाली ठेवला. आणि आपांशी बोलणं बंद. ताटही बंद.

तेव्हापासून आपा स्वतःची पेज स्वतः करायचे, सोबत भाजलेला सुका बांगडा. संध्याकाळी मी कधी डोकावलो तर पाटावर एकटेच, ताटाकडे बघत, जेवण चाललंय की संपलंय ते कळू नये असे बसलेले. मला त्यांची दया यायची आणि ती दाखवली तर ते चिडायचे. म्हणून मी कॉम्प्युटरबद्दल भांडायचो. त्यांना बरं वाटायचं.

एके दिवशी मेल कंपनीकडून सूचना आली. जुनी पद्धत बंद होणार. यापुढे सर्वांनी सुरक्षित जोडणी वापरायची, आणि पासवर्ड नवा घ्यायचा, आठ अक्षरी, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. मी खूष झालो. म्हटलं, आता तरी ह्या माणसाची पेटी नीट बंद होईल.

“एकशे धा नंबरची खिडकी बंद, आता नऊशे पंचाण्णव नंबरच्या खिडकेर जावचा,” मी त्यांना समजेल असं सांगितलं. हे त्यांना पटलं. सरकारी कचेरीत खिडक्या बदलतातच. पण जोडणी लावल्यावर यंत्राने विचारलं की ह्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का. आपांनी माझा हात दूर केला. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या मनाने द्यायचं नाही, कौल घ्यायचा. त्यांनी अबोलीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून मॉनिटरच्या काचेवर डाव्या-उजव्या बाजूला चिकटवल्या. उजवी पडली तर विश्वास. फोनचं मीटर पळतंय, आपा हात जोडून उभे, मी केस उपटतोय. काच गरम होती, दोन्ही पाकळ्या तिथेच सुकून चिकटल्या. शेवटी मी यंत्राची तारीख बघितली. आतला सेल संपल्यामुळे ती कित्येक वर्षं मागे गेली होती. ती दुरुस्त केल्यावर यंत्राने प्रश्न विचारणंच सोडलं. “बघ, म्हाराजान मनावर घेतल्यान,” आपा म्हणाले.

मग पासवर्ड. त्यांनी आधीच ठरवलेला होता. बाबलोचं नाव, मग चिन्ह, मग सात. मी म्हटलं, घरातल्या माणसाचं नाव घालू नका, कोणीही ओळखेल. काहीतरी अवघड घ्या.

“अवघड नको. तिका टायप करूक सोपा होवक होया.”

“कोणाला?”

आपा कीबोर्डवरची धूळ पुसू लागले. मग म्हणाले, “वयनीक.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काजूच्या कारखान्याच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर होता. तिथल्या मुलीकडून वयनी दुपारच्या सुट्टीत मेल उघडून घ्यायची. त्या राखणीच्या दिवशी ती गडग्यापलीकडे भांडी घासत होती, तिने अक्षरं ऐकली होती. म्हणूनच प्रत वर राहायला हवी होती. म्हणूनच पेटी भरली की आपा एकेक मेल चाळत बसायचे. बाबलो प्रत्येक मेलच्या शेवटी लिहायचा, ‘आयेक सांग, मी बरो आसय.’ आणि सांगण्याची तर बंदी होती.

“ती वाचते हे तुम्हाला कसं कळलं?”

“मेल ईलो काय दुसऱ्या दिसा थंय फोडणेचो वास येता. नाय ईलो तर नुसती पेज.”

इतकी वर्षं मी तो वास घेत होतो आणि मला एवढंच कळायचं की कोणीतरी शिंपल्यातल्या तिसळ्या केल्या आहेत.

“मग मी सांगतो ना त्यांना नवा पासवर्ड,” मी म्हणालो. “आत्ता जाऊन सांगतो.”

“नको. तू सांगलंस म्हणजे माझ्याकडसून ईलो. ती हात लावची नाय. ती शब्दाची पक्की आसा.” आपांचा आवाज खाली आला. “देवाक सांगलेला कोणीय आयकूक शकता. थंय कोणाचो उपकार नाय.”

बाबलोचं जहाज त्या आठवड्यात लांबच्या, वादळी पाण्यात होतं. जुना पासवर्ड बंद झालेला. कारखान्यातली मुलगी तो घालणार आणि यंत्र नाही म्हणणार. वयनीला वाटेल मुलाचं काही झालं, किंवा आपांनी मुद्दाम दार लावलं. त्यातलं दुसरं आपांना कदाचित जास्त लागलं असतं.

म्हणून आपांनी राखणीचे दिवस नसताना राखण काढली. लोकांना विचित्र वाटलं, पण कोंबडा म्हटल्यावर जमले. रविवार होता, कारखाना बंद. वयनी अंगणात तांदूळ निवडत बसली होती, आमच्याकडे पाठ करून. आपा दगडासमोर उभे राहिले. त्यांचीही तिच्याकडे पाठ.

“बा राखणदारा म्हाराजा, मेलाची चावी बदलली हा. आमी बदलूक नाय, वरना हुकूम ईलो. कोणी मनात वाकडा धरू नये.”

“व्हय म्हाराजा.”

“पयलो मोठो बी. बाकीची समदी बारकी. मगे ए.”

“व्हय म्हाराजा.”

“परत बी. परत ए. मगे एल, मगे ओ.” आपा प्रत्येक अक्षरानंतर इतके थांबत होते की लोक एकमेकांकडे बघायला लागले. “मगे तो वाटोळो, शेपटेवालो ए. आणि शेवटाक सात.”

पण शेपटीवाल्या ए ला कोणीतरी फिसकन हसलं, ते हसू पसरलं, आणि त्या गडबडीतच सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून टाकलं. शेवटचा आकडा त्यात बुडाला. मी गडग्याकडे बघितलं. तांदूळ निवडणारा हात थांबला होता. मला खरंच वाटलं, ओरडून सांगावं, सात, सात म्हणाले. पण ते माझं काम नव्हतं.

वयनी उठली. सूप खाली ठेवलं. गडग्यापाशी आली आणि कारखान्यात बायकांना विचारावं तशा सरळ आवाजात म्हणाली, “भावजी, शेवटचो आकडो परत सांगा. आयकाक नाय ईलो.”

कोणी हसलं नाही. आपा वळले नाहीत. जोडलेले हात तसेच होते.

“सात,” ते म्हणाले. मग पुन्हा, “सात.”

“कळला,” वयनी म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

लोक प्रसादाचं खोबरं घेऊन पांगले. कोंबडा कोणीतरी साफ करायला नेला. आपा अजून दगडाकडे तोंड करून उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “मास्तरा, ती माझ्याशी बोलली काय रे? का म्हाराजाशी?”

“देवाक भावजी कोण म्हणता, आपा?”

आपा धोतरासकट तिथेच मातीत खाली बसले आणि म्हणाले, “तू जा घराक. मी जरा हंय बसतंय.”