वळणावर सोडली

रविवारी संध्याकाळी पुण्याच्या मोठ्या शर्यतीत रत्नमाला नावाची घोडी मानेभर अंतरानं हरली आणि इकडे नांदेडात माधवराव कंधारकरांचं जेवण गेलं. घोडी त्यांची नव्हती. तिच्यावर त्यांनी छदामही लावला नव्हता, कारण पैसे लावायची त्यांना भीती वाटे. तशी त्यांना पुष्कळच गोष्टींची भीती वाटे. साहेबांची वाटे, मोकाट कुत्र्यांची वाटे, लातूरला राहणाऱ्या मेहुणीची तर फारच वाटे. भीती वाटत नसे ती फक्त मत द्यायची.

रत्नमालेवर स्वार होता चंद्रप्पा. मुखेड तालुक्यातला पोरगा पुण्या-मुंबईच्या शर्यतीत घोडे पळवतो म्हटल्यावर आख्ख्या नांदेडला घोड्यांचं वेड लागलं होतं. माधवरावांच्या पाटबंधारे कचेरीत कालव्याला पाणी कधी सुटणार हे कुणाला सांगता येत नसे, पण चंद्रप्पानं घोडी कुंपणाकडून घ्यायला हवी होती की बाहेरून, यावर चहा तीनदा गार होई. त्यात शेवटचा शब्द माधवरावांचा. मोबाइलवर त्यांनी जगभरच्या शर्यती पाहून टाकल्या होत्या. त्यांचा सिद्धांत एकच होता. वळण संपेपर्यंत घोडी लगामात धरायची आणि समोर सरळ रस्ता लागला की मग सोडायची. सोडायची म्हणजे लगाम सैल करून जीव तोडून पळू द्यायची.

आणि चंद्रप्पानं नेमकी वळणावरच सोडली होती!

माधवरावांनी ताट सारलं आणि 'अश्वप्रेमी नांदेड' या ग्रुपवर लिहिलं, 'चंद्रप्पानं वळणावरच सोडली. एवढी देखणी, एवढी खानदानी, पण शेवटपर्यंत सांभाळता आली नाही. दुसरी मागून आली आणि बाजी मारून गेली. आता पस्तावून काय उपयोग?' मग त्यांना जरा बरं वाटलं आणि त्यांनी दहीभात खाल्ला.

सोमवारी कचेरीत पाऊल टाकताच शेजारच्या टेबलावरच्या बुद्धप्रिया कांबळेनं त्यांना गाठलं. ही पोरगी कामाला चोख आणि जिभेला त्याहून चोख.

"सर, हे काय लिहून ठेवलं तुम्ही? सोडली म्हणे!"

"मग? सोडलीच की. सगळ्यांनी बघितलं."

"अहो, काय सोडली? लोक म्हणून राहिले, शर्यत सोडली. म्हणजे पैसे खाऊन मुद्दाम हरला. मुखेडची पोरं लई पेटलेत म्हणतात."

माधवरावांनी आपला निरोप पुन्हा वाचला. घोडी लिहायचं राहूनच गेलं होतं. घोडीही सोडली आणि शर्यतही सोडली, मराठी भाषेनं दोघींना एकच क्रियापद द्यावं याला काय म्हणावं! त्यांनी घाईघाईनं निरोप पुसायला घेतला. त्या गडबडीत 'सगळ्यांसाठी' ऐवजी 'फक्त माझ्यासाठी' वर अंगठा पडला. निरोप त्यांच्या फोनवरून गेला आणि उरलेल्या जगात जिथल्या तिथे राहिला.

"आता खुलासा टाका सर," बुद्धप्रिया म्हणाली. "जरा नीट."

माधवरावांनी नीट टाकला. चंद्रप्पाच्या इज्जतीला धक्का लागू नये म्हणून सगळा दोष त्यांनी मुक्या जनावराच्या माथी मारला. 'गैरसमज नसावा. चंद्रप्पाची काहीच चूक नाही, दोष तिचाच आहे. तोंडाची कडक, स्वभावानं लहरी. पहिल्या ठिकाणीही तिनं असाच वैताग आणला होता. तिला कुणीही सोडली असती.' तोंडाची कडक म्हणजे लगाम न जुमानणारी आणि पहिलं ठिकाण म्हणजे आधीचा तबेला, हे लिहायचं याही वेळी राहिलं. मग ते फोन पालथा घालून फायलीत डोकं घालून बसले.

अर्ध्या तासानं फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"माधवराव कंधारकर तुमीच का?" आवाज रिकाम्या पिंपातून यावा तसा घुमत होता.

"हो... म्हणजे, आपण?"

"मी सिद्रामप्पा. चंद्रप्पाचा सासरा. तुमी लिवलेलं दोन्ही वाचलं. आता मुखेडहून निघून राहिलो. घरी थांबा."

"अहो पण..."

"पत्ता मिळाला हाय." फोन बंद झाला.

माधवरावांनी पोटदुखीचं कारण सांगून सुटी घेतली. कारण खोटं नव्हतं. घरी येऊन त्यांनी दाराला आतून कडी घातली, वरची खिटी लावली आणि दाराला सोफा लावायच्या बेतात असताना त्यांची बायको सौदामिनीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"आता हे काय करून राहिले?"

माधवरावांनी सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे आपला फोन पुढे केला. "मला देविकानं लातूरहून पाठवलं सकाळीच. म्हणते, भावजी आता लोकांच्या घरातल्या भानगडी कामून लिहायलेत?"

"भानगडी? कसल्या भानगडी?"

बाई उत्तर देणार एवढ्यात बाहेर जीप थांबली. मग काठीचा आवाज आला. ठक्. ठक्. ठक्. माधवराव न्हाणीघराकडे वळले, पण बाईंनी त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि दार उघडलं.

सिद्रामप्पा दाराएवढे होते. पांढरं धोतर, कपाळावर भस्म, हातात जाड काठी. ते वाकून आत आले, सोफ्यावर बसले आणि काठी आडवी मांडीवर ठेवली. माधवरावांची नजर त्या काठीवरून हलेना.

"एकच सांगा," सिद्रामप्पा म्हणाले. "सोडली का न्हाई?"

"तसं... सोडली म्हणजे..."

"हाव का न्हाई?"

"हो. पण त्यात तुमच्या जावयाची काही..."

"तुमी डोळ्यानं बघितलं?"

"मीच काय, हजारो लोकांनी बघितलं. पुण्यात. भर मैदानात."

सिद्रामप्पांनी डोळे मिटले. "अन् दुसरी? दुसरी कोन हाय?"

"दुसरी ना? ती मुंबईची," माधवराव म्हणाले. माहिती विचारली की त्यांची भीती थोडी मागे सरत असे. "काळीभोर आहे. लांब पायांची. वय कमी, त्यामुळे दम भारी. आणि मालक बडा आहे."

"मालक!" सिद्रामप्पांचा आवाज चिरकला. "अरे देवा! अन् माझ्या पोरीत काय कमी होतं हो? तोंडाची कडक म्हन्ता तुमी तिला. तुमी कदी बोललात तिच्यासंगं? पहिल्या ठिकाणी म्हन्ता. कुठलं पहिलं ठिकाण? आमच्या घरातून ती थेट चंद्रप्पाच्या घरात गेली!"

एवढा थोरला माणूस उपरण्यानं डोळे पुसायला लागला. सकाळपासून पोरगी फोन उचलत नाही, जावयाचाही लागत नाही, आणि गावात जो तो फोन पुढे करून 'खरं हाय का, अप्पा?' विचारतो. माधवरावांच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पण भ्यालेल्या माणसाच्या तोंडून शब्द सरळ येत नाहीत.

"अहो अप्पा, घोडी!" ते ओरडले. "घोडी हो ती, घोडी!"

सिद्रामप्पा उठून उभे राहिले. काठीही उभी राहिली.

"माज्या राजश्रीला घोडी म्हन्ता?"

माधवराव सोफ्यामागे गेले. बरं तर बरं, सौदामिनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये आल्या. "अप्पा, बसा. ह्यांना बोलता येत नाही, नुसतं लिहिता येतं. तेही धड नाही." त्यांनी फोनवर शर्यत लावली आणि रत्नमालेवर बोट ठेवून सगळा उलगडा केला. काठी हळूहळू खाली आली. ती गुडघ्यासाठी होती, असं आता सिद्रामप्पा ओशाळून सांगू लागले. चहा आला. अप्पांनी बशीत ओतून पहिला घोट घेतला आणि त्यांचा फोन वाजला.

"राजश्री!" अप्पांनी सगळ्यांना ऐकू येईल असा फोन धरला. "अगं पोरी, कुठं हायेस तू?"

"बसमध्ये, अप्पा. मुखेडला यायलेय. बार्शी गेली आत्ता." पोरीचा आवाज रडून रडून बसला होता. "त्यांनी मला सोडायच्या आधी मीच सोडलं त्यांना. शेजारच्या वहिनीनं दाखवलं मला ते सगळं. दुसरी का कोण आली म्हणे... मला न्हाई ऐकायचं काही!" आणि तिनं फोन बंद करून टाकला.

माधवरावांना आता काठीची भीती उरली नव्हती. त्याहून मोठी धडकी भरली होती. आपण दहीभात खाण्याआधी चार ओळी लिहिल्या आणि पुण्यात एक संसार मोडला.

"बस लातूरवरूनच येणार," सिद्रामप्पा उठत म्हणाले. "चला. बसा जीपमध्ये."

"मी?"

"मग कोन? तुमीच लिवलं, तुमीच निस्तरा."

"मी पण येते," सौदामिनीबाई पदर खोचत म्हणाल्या. "ह्यांना एकट्यानं बोलू देऊ नका."

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. सिद्रामप्पा जीप अशी हाकत होते की माधवराव प्रत्येक वळणावर पुढची दांडी घट्ट धरत आणि मनातल्या मनात चंद्रप्पाची माफी मागत. लातूरच्या स्टँडवर ऊन कलताना बस लागली. राजश्री पिशवी कवटाळून उतरली. बारीक चणीची, सुजलेल्या डोळ्यांची पोर ती. बापाला बघून तिला पुन्हा रडू फुटलं.

माधवराव पुढे झाले. "पोरी, मीच तो माणूस," ते म्हणाले आणि बायकोकडे वळले. सौदामिनीबाईंनी उरलेलं सांगितलं आणि शर्यत लावून फोन तिच्या हातात दिला.

राजश्रीनं आजवर नवऱ्याची एकही शर्यत पाहिली नव्हती. शर्यत सुरू झाली की ती टीव्हीकडे पाठ फिरवून देवापुढे बसे आणि संपल्याचं कुणी सांगितलं की उठे. आता तिनं श्वास धरून बघितलं. वळण आलं. तिनं पुन्हा मागे घेऊन बघितलं.

"घसरली की हो ही!" ती म्हणाली. "बघा, अप्पा, पाय घसरला घोडीचा. लगाम तसाच धरून ठेवला असता तर दोघंबी पडले असते. म्हणून सोडली त्यांनी!"

"बराबर हाय," सिद्रामप्पा छाती काढून म्हणाले आणि माधवरावांकडे असं पाहिलं की माधवराव एक पाऊल मागे सरले. त्यांनी ते वळण पन्नासदा तरी पाहिलं होतं. घोडी कुठेच घसरली नव्हती. पण बोलायची ही वेळ नव्हती.

राजश्रीनं नवऱ्याला फोन लावला. बाजूला जाऊन ती बराच वेळ बोलली, रडली, मग हसली आणि परत येऊन फोन माधवरावांपुढे धरला. "तुमच्यासंगं बोलायचं म्हणून राहिले."

माधवरावांनी दोन हातांनी फोन कानाला लावला आणि दोन पावलं दूर गेले.

"काका," पलीकडून हळू आवाज आला, "ती काय म्हणाली मी ऐकलं. घसरली-बिसरली काही न्हाई घोडी."

माधवरावांनी फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"तुमीच बराबर लिवलं होतं. सगळ्या लोकांत तुमाला एकट्याला कळलं. वळणावर बाजूचा घोडा अंगावर आल्यावानी वाटला अन् मी भ्यालो. भिऊन सोडली. लई आधी सोडली. पण राजश्रीला बोलू नका, काका. मी बी भेतो हे तिला कळलं, तर ती मला पुन्हा घोड्यावर बसू द्यायची न्हाई."

माधवरावांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या इतक्या वादांत आज पहिल्यांदा खुद्द जॉकीनं त्यांचं मत मान्य केलं होतं. हे बुद्धप्रियाला सांगायला हवं होतं, सगळ्या कचेरीला सांगायला हवं होतं, ग्रुपवर तर ठळक अक्षरांत टाकायला हवं होतं. त्यांनी मान वर केली. तिघंही त्यांच्याकडे बघत उभे होते आणि राजश्रीच्या चेहऱ्यावर सकाळपासूनची भीती अजून पुरती गेली नव्हती.

त्यांनी फोन तिला परत दिला.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"म्हणाले, घोडी घसरलीच होती," माधवराव म्हणाले. "आणि मला शर्यतीतलं काही कळत नाही म्हणाले."

"एवढं सांगायला पुण्याहून फोन कशाला पाहिजे होता?" सौदामिनीबाई म्हणाल्या आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेल्या.