सतरा फूट पाणी

मुलगी झाली त्या वर्षी तलावाचं पाणी सतरा फुटांवर गेलं, असं सरकारी वहीत लिहिलेलं आहे. लिहिणारे तिचे वडीलच. काठावर रोवलेल्या पट्टीवर रोज सकाळी पाणी बघायचं आणि आकडा वहीत मांडायचा, ही त्यांची नोकरी. सगळे त्यांना पट्टीवाले म्हणत.

बावीस वर्षांनी निवृत्त झाल्यावर पट्टीवाल्यांनी तलावाकाठच्या आपल्या तुकड्यावर दोन खोल्या बांधायला अर्ज केला. भाड्याची जागा महिनाअखेर सोडायची होती, विटासुद्धा येऊन पडल्या होत्या. अर्ज परत आला. शेरा होता, 'पाणी आजवर जिथवर चढले, त्या रेषेच्या आत बांधकाम नाही.' रेषा अर्थातच सतरा फुटांची. कागदोपत्री त्यांचं स्वयंपाकघर गळ्यापर्यंत बुडालेलं होतं.

"मग खरं सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"काय सांगू? मुलगी झाली त्या दिवशी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसलो होतो, म्हणून आकडा मनानेच ठोकून दिला? पेन्शन जाईल माझी!"

"बसला होतात कुठे? चक्कर येऊन पडला होतात. नर्स मला सोडून तुम्हाला वारा घालत होती."

शेवटी नियमातून सवलत मागायची ठरली. सुनावणीला दोघं गेले. समोर जाड चष्म्याचे, निवृत्तीला टेकलेले साहेब.

"सवलत दिली आणि पाणी घरात शिरलं तर?"

"नाही शिरणार, साहेब."

"वही म्हणते शिरतं. वही खोटी आहे का?"

पट्टीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "वही... तशी खरीच आहे. पण..."

"पण पट्टीच पंधरा फुटांची आहे," बायको बोलून गेली. "सतरा वाचणार कुठून?"

कारकुनाला अचानक खोकला आला. साहेबांचा पारा चढला. "म्हणजे सरकारी वहीत खोटी नोंद? आणा ती वही! लिहिणाऱ्याला तर बघतोच, तपासणाऱ्यालाही सोडणार नाही!"

वही आली. साहेबांनी पान काढलं. सतरा फूट. खाली लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री केली,' आणि सही. साहेब सहीकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. सही काही बदलली नाही.

बायको पुढे वाकली. "अगं बाई! तुम्हीच ना ते? वहीवर सही करायला दवाखान्यात आला होतात. बाकावर बसून मिठाईचे चार तुकडे खाल्लेत. तेव्हा बारीक होतात."

साहेबांनी वही जवळ ओढली. "मुलगी... कशी आहे?"

"छान आहे. शाळेत शिकवते."

"वा, वा." साहेब कारकुनाकडे वळले. "लिहून घ्या. अर्जदाराचा तलावाचा अनुभव दांडगा आहे. पाणी चढलंच, तर सगळ्यात आधी त्यांनाच कळेल. सवलत मंजूर." आणि वही त्यांनी स्वतःच्या हाताने मिटली.

बाहेर येताच पट्टीवाले पायरीवर मटकन बसले.

"अहो, परत चक्कर?"

"नाही गं. सुटलो!"

घर झालं. साहेब निवृत्तीनंतर तिसऱ्या हिवाळ्यात वारले. पट्टीवाले त्या घरात बारा वर्षं राहिले आणि मुलगी चौतिशीची झाली त्याच आठवड्यात, सकाळी, वारले. त्या दिवशी पाणी नऊ फूट होतं. बायको स्वतः जाऊन बघून आली.