बारा मिली कमी

मी जाते तिथे तमाशा होत नाही. पंचवीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली, पण आवाज कधी चढवला नाही! म्हणूनच माझ्या भाचीने, कादंबरीने, मला निवडलं.

"आत्या, वरदला आधी तू बघ. तू हो म्हणालीस की बाबा गप्प बसतात."

वरदचा बाणेरला बार आहे. नाव 'प्रयोगशाळा'! वेटर पांढऱ्या कोटात, दारू बीकरमधून. अशा ठिकाणी साजेसं दिसावं म्हणून मीही माझा कोट घालून कादंबरीबरोबर गेले. खिशाला पेन, हातात वही.

मेनूत कॉकटेल दीडशे मिली लिहिलं होतं. बीकर आला. मी वाकून डोळा टेबलाच्या पातळीला आणला. एकशे अडतीस!

"आत्या, वर बघ ना! लोक बघतायत."

"द्रवाची पातळी अशीच वाचतात, बाळा." मी आकडा वहीत लिहिला आणि वेटरला म्हटलं, "बीकरच्या खुणांवर विसंबू नये. मोजपात्र आणा."

वेटर लिटमससारखा रंग बदलून आत पळाला.

शेजारच्या टेबलावरचे टक्कलवाले गृहस्थ उठले. "मॅडम, वजनमापे खात्याच्या का? आमचाही बघा की!"

"मी खात्यातली नाही हो."

"कळलं, कळलं! गुप्त तपासणी!" त्यांनी डोळा मारला आणि बीकर पुढे केला. मागोमाग आणखी सहा बीकर आले.

"गर्दी नको, रांगेत या," मी सवयीने म्हणाले. तिथेच चुकलं! सबमिशनच्या आदल्या दिवशी लागते तशी रांग लागली. कोणीतरी ओरडलं, "माझाही बारा मिली कमी!"

एक घामाघूम तरुण धावत आला. भिंतीवरचा परवाना फ्रेमसकट काढून त्याने छातीशी धरला होता.

"मॅडम, आपण आत बसून बोलू ना! काजू घ्या!"

"वरद, अरे, ही माझी आत्या आहे!" कादंबरी किंचाळली.

"आत्या खात्यात आहे? आधी नाही का सांगायचं?"

"कॉलेजात आहे रे!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. रांगेतून आवाज आला, "मॅडम, माझा राहिलाय!"

घरी येऊन मी भावाला अहवाल दिला. मुलगा नम्र आहे, कागदपत्रं चोख आहेत, माझा होकार.

दोन दिवसांनी कादंबरीचा फोन आला. "आत्या, वरदकडूनही होकार आहे!"

"मग आवाज असा का?"

"लग्नाला तुला बोलवायचं की नाही, ते विचार करून कळवतो म्हणाला."