कागदावरून गेलेला दादर

लोकेशच्या मते अख्ख्या सुरतेत खरी नजर दोघांनाच होती: हिरे पारखणाऱ्यांना आणि त्याला. हिरेवाल्यांना भिंग लागायचं. त्याला तेही लागत नसे, तरी लोकांचा विश्वास बसावा म्हणून तो ते खिशात बाळगायचा. समोरच्याच्या चपला पाहून माणूस वराछ्याचा की उधन्याचा हे तो सांगे, आणि माणूस रांदेरचा निघाला तर त्याने वाटेत चपला बदलल्याचं सिद्ध करे. कमरेला पेजर होता. गुन्हेगारांना दुरून दिसावा म्हणून तो शर्टाच्या बाहेर लावलेला असे. पगार मात्र त्याला 'त्रिज्या आर्किटेक्ट्स' या चार टेबलांच्या कचेरीत साइट सुपरवायझर म्हणून मिळायचा. हा तो निव्वळ योगायोग मानत असे.

वृषालीच्या लेखी तो योगायोग नव्हता, शेजार होता. तिचं टेबल लोकेशच्या टेबलाला चिकटून होतं, आणि त्यामुळे त्याच्या सगळ्या तपासांत ती आपोआप सहायक ठरत असे. ती नाशिकची. आर्किटेक्ट होऊन सुरतेला आली तेव्हा आपण इमारती उभारणार असं तिला वाटलं होतं. कचेरीच्या अलीकडच्या कामांनी तिचा गैरसमज दूर केला. पलसाण्याच्या एका डाइंग मिलवाल्याला गेटला परदेशी थाटाचे खांब हवे होते. ते इतके भरदार झाले की मधून ट्रक जाईना. बारडोलीच्या एका ऊसवाल्याच्या बंगल्याची दारं वास्तुतज्ज्ञाने इतक्यांदा फिरवली की मालक अजून स्वयंपाकघरातून घरात शिरतो.

नवागामचं काम वेगळं होतं. तिथल्या खानदेशी मंडळाची दुमजली इमारत, खाली बालवाडी, वर लग्नाचा हॉल. पहिल्या रेघेपासून ती वृषालीची होती. कचेरीचे मालक रोहितभाई त्या दिवशी सकाळी पलसाण्याला निघताना म्हणाले होते, "वृषालीबेन, आज चार वाजता मंडळवाले येतात. हा बोले तर नवागाम तमारुं. ना बोले तर कालपासून पलसाण्याचे खांब बारीक करायचे."

त्यांचा 'काल' म्हणजे उद्या होता, हे तिला आता कळत असे.

दुपारी अमोनियाच्या वासासकट नकाशाचे प्रिंट आले. वृषालीने टेबलावर पसरले आणि ती उभीच राहिली. बालवाडी होती. हॉल होता. हॉलमध्ये नवरा-नवरीचं स्टेजसुद्धा होतं. दादर नव्हता. सुरतेत जिन्याला दादर म्हणतात, आणि वृषालीही कचेरीत तसंच म्हणायला शिकली होती. तिने मूळ ट्रेसिंग पेपर काढून पाहिला. तिथेही दादराच्या जागी गुळगुळीत कोरा कागद.

"आठवड्यापूर्वी मी इथे पेन्सिलने आखला होता," ती म्हणाली.

लोकेशने भिंग काढलं. कागदाचा वास घेतला. मग खिडकीपर्यंत जाऊन परत आला. तपासाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण त्याला चालताना सुचत असे.

"वृषालीताई, चोरी झाली आहे."

"कागदावरून?"

"म्हणूनच ती साधी चोरी नाही."

"मी पुन्हा आखते. अजून वेळ आहे."

"पुराव्याला हात लावायचा नाही." त्याने ट्रेसिंगची गुंडाळी केली, लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पँटच्या खिशात घातली. "आधी जबान्या."

पहिली जबानी नटुभाईंची. नटुभाई कचेरीचे ड्राफ्ट्समन. त्यांनी रोहितभाईंच्या हाताखाली अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि तोंडात कायम तंबाखूचा मावा असल्यामुळे ते फार न बोलता काढलं होतं. वृषालीने त्यांना आठवण करून दिली, "नटुभाई, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, दादर नीट काढा, एकही रेघ राहायला नको? काढला होता ना?"

"हा, में ज काढ्यो," नटुभाई म्हणाले.

"पूर्ण?"

"एके लीटी नथी राखी." लीटी म्हणजे रेघ, एवढं वृषालीला कळत होतं. नटुभाई थुंकायला बाहेर गेले.

"निर्दोष," लोकेशने निकाल दिला. "स्वतः मेहनतीने काढलेला दादर कोण चोरेल?"

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या आर्किटेक्टवर. नवागामचं काम त्यांनाही हवं होतं. लिफ्ट बंद होती, म्हणून लोकेश दादर चढून वर गेला, आणि जिथे दादर शिल्लक आहे तिथेच संशयित बसतो यात त्याला मोठा अर्थ दिसला. वर त्याला चहा मिळाला. चहा देणारा माणूस गुन्हेगार असू शकत नाही, असं तो परत येऊन म्हणाला. बिस्किटं मिळाली नव्हती, एवढी शंका त्याने राखून ठेवली.

दुसरा संशय उंदरांवर. "कागद कुरतडलेला नाही," वृषाली म्हणाली. "फक्त शाई चाटणारा उंदीर असेल तर?" लोकेश म्हणाला, पण अगदी हळू. प्लेगची साथ येऊन गेल्यापासून सुरतेत उंदीर हा शब्द मोठ्याने उच्चारला की आजूबाजूचे लोक गावाच्या गाड्यांच्या वेळा विचारत असत.

"लोकेश, किल्ली दे."

"थांबा." त्याने ओठांवर बोट ठेवलं.

बाहेरच्या खोलीत शिपाई धुडकू फोनवर घरी बोलत होता. धुडकू धुळ्याकडचा, घरच्यांशी अहिराणीतच बोलायचा. "दादर घर धाडी दिनी," तो सांगत होता. "आते दळी टाक."

लोकेशच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते पाहून वृषालीला खरोखर भीती वाटली. "घरी पाठवला," तो पुटपुटला. "आणि दळायला टाकतोय. पुराव्याचं पीठ!"

फोन ठेवताच त्याने धुडकूला गाठलं. "दादर कुठे आहे?"

"घरी गई ना. पोतंभर."

"पोतंभर? बरोबर कोण कोण होतं?"

"मामा व्हता. त्यानीच गावाहून आणी." धुडकूला साहेबांची आस्था पाहून भरून आलं. "तुमले पाहिजे का? भाकरी मऊ होती तिनी."

वृषालीने डोकं धरलं. "लोकेश, दादर म्हणजे ज्वारी. खानदेशात ज्वारीची एक जात आहे ती."

लोकेशच्या घरी भात खायचे. आजोबा रत्नागिरीकडून रेल्वेत आले होते आणि ज्वारीशी त्यांच्या कुटुंबाचा कधी संबंध आला नव्हता. तरी तो डगमगला नाही. "ज्वारी हे आवरण असू शकतं," तो म्हणाला. एवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला.

मंडळाच्या अध्यक्षा प्रमिलाबाई आणि खजिनदार सुकलाल आले होते. प्रमिलाबाईंची नवागामात पिठाची गिरणी. एका हाताने पीठ चाळत त्या मराठी, गुजराती, अहिराणी आणि हिंदी अशा चारी भाषांत गिऱ्हाइकांना झापू शकत. लोकेशने त्यांच्या चपलांकडे पाहून "नवागाम" असं कुजबुजून घेतलं.

प्रमिलाबाईंनी प्रिंट पाहिला. बोट बालवाडीवरून फिरलं, हॉलवरून फिरलं आणि थांबलं.

"पोरी, वर जायचं कुठून?"

वृषालीने कुलूपबंद कपाटाकडे पाहिलं. हे उत्तर लोकेशच्या खिशात होतं, आणि लोकेश सुकलालच्या हाताच्या रेषा पाहत होता.

"नवरदेवाले शिडी लावाची का?" सुकलाल म्हणाला. "वरच्या मजल्यावाला आर्किटेक्ट म्हनत व्हता, त्याना नकाशामा दोन दादर शेतस."

"आमच्याकडेही होता, काका," वृषाली म्हणाली. "आत्ता पुन्हा काढून देते. लोकेश, किल्ली." या वेळी तिचा आवाज असा होता की किल्ली आपण होऊन बाहेर आली. तिने ट्रेसिंग नटुभाईंच्या टेबलावर पसरलं आणि दादराच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. "नटुभाई, दादर काढा. आत्ता. यांच्यासमोर."

नटुभाईंनी मावा गालात सरकवला. पेन खाली ठेवलं. शाई खरवडायचं अर्धं ब्लेड उचललं आणि कोऱ्या जागेकडे खिन्नपणे पाहिलं.

"मॅडम, हवे शुं काढुं? काढी तो नाख्यो."

वृषालीने बोट कोऱ्या जागेवरून हलवलं नाही. नटुभाईंना वाटलं आपण आळस करतोय असा मॅडमचा समज झाला. म्हणून मॅडमचं समाधान व्हावं या हेतूने ते हॉलच्या स्टेजच्या पायऱ्यांवर ब्लेड चालवू लागले.

प्रमिलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या.

"अगं, तू मराठीत काढ म्हणतेस, आणि हा गुजरातीत काढतो. तुझं काढणं म्हणजे रेघ ओढणं. ह्याचं काढणं म्हणजे घालवणं. तू ह्याला दादर पुसायला सांगितलास, बाई. वर एकही रेघ राहायला नको म्हणालीस का?"

"म्हणाले होते," वृषाली म्हणाली. सुरतेत येऊन तिने नाम गुजराती घेतलं होतं आणि क्रियापद घरचंच ठेवलं होतं. त्या दोहोंच्या मधून एक जिना खाली पडला होता.

"मग पहिल्याच जबानीत त्यांनी कबुली दिली होती," लोकेश म्हणाला. "मला तेव्हाच त्यांचा प्रामाणिकपणा खटकला होता."

त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. सुकलालने घड्याळ पाहिलं आणि वरच्या मजल्याकडे मान केली. वृषालीने ते पाहिलं.

"काका, चूक माझी आहे," ती म्हणाली. "जिना मी आखला होता, पुसायलाही मीच लावला. तुमचा चहा होईपर्यंत तो कागदावर आला नाही, तर खुशाल वर जा."

सुकलालने प्रमिलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"आम्ही कुठे जात नाही. पण पायऱ्या रुंद ठेव. आमच्या बायका वरणाची पातेली घेऊन चढतात. आणि मधे टेकायला जागा. आणि ह्या वेळी नीट सांग त्याला."

वृषालीने एकेक शब्द गुजरातीत जुळवून पाहिला. रेघ ओढायला इथे काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं, फक्त कधी वापरलं नव्हतं.

"नटुभाई," ती म्हणाली, "दादर दोरो."

नटुभाईंचा चेहरा उजळला. त्यांनी ब्लेड खाली ठेवलं, पेन उचललं, आणि पहिली पायरी कागदावर उमटली. प्रमिलाबाई वाकून पाहत होत्या. दुसरी उमटली, तिसरी उमटली.

तेवढ्यात धुडकू बाहेरच्या खोलीतून लगबगीने आला आणि त्याने सुतळीचा गुंडा नटुभाईंच्या टेबलावर ठेवला.

"दोर तर नही सापडना, ताई," तो म्हणाला. "सुतळीवर भागी का?"