चार मिनिटांत परवाना

परवाना खात्याच्या मोठ्या साहेबांना घरी जेवायला बोलवावे, असा ठराव निरीक्षकांच्या घरी रविवारी सकाळी संमत झाला. ठराव निरीक्षकांनी मांडला, अनुमोदनही त्यांनीच दिले आणि अंमलबजावणी बायकोकडे सोपवली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याचे निदर्शनास आल्यावर विषय आत्याकडे वर्ग करण्यात आला.

आत्या तांदळाच्या नूडल्स फार छान परतायची. त्यांचंच छोटं दुकान काढायचं म्हणून तिने आठ महिन्यांपूर्वी अर्ज केला होता, आणि तो सख्ख्या भाच्याच्याच टेबलावर पडून होता. आधी अर्जाला फोटो नव्हता. मग फोटोत ती हसत होती, म्हणून 'अर्जदार गंभीर नाही' असा शेरा पडला. मग दुकानाची खिडकी दोन बोटं लहान भरली. "आपल्या माणसाचं काम पटकन केलं, तर लोक काय म्हणतील?" असं निरीक्षक म्हणत. परक्यांची कामंही ते पटकन करत नसत, हा भाग वेगळा.

आत्या पाचला आली. तिने कोमट पाण्यात नूडल्स भिजत घातल्या, कोबी, गाजर चिरलं, लसूण ठेचला. सातला साहेब सपत्नीक आले. आत्याने नूडल्स निथळल्या, गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली.

"अगं, काय झालं?" निरीक्षक स्वयंपाकघरात धावले.

"परवाना नाही ना माझ्याकडे. विनापरवाना शिजवून लोकांना खायला घालणं गुन्हा आहे. तूच लेखी कळवलंयस, जावक क्रमांकासकट."

"घरच्या जेवणाला कसला परवाना, आत्या!"

"असं? थांब, बाहेर साहेब बसलेत, त्यांनाच विचारून येते."

निरीक्षकांनी तिचा हात धरला. "उद्या ऑफिसात ये. बघतो."

"'उद्या' माझ्या फायलीत अकरा वेळा आलाय. आणि या उद्यापर्यंत थांबायच्या नाहीत," आत्याने चाळणीकडे बोट दाखवलं. "अजून थोडा वेळ गेला, की गोळा."

प्रलंबित फायली घरी आणायची निरीक्षकांना सवय होती, फक्त आणायची. त्यांनी बॅग उपसली. बायकोने डाव्या हाताने कागद धरला. सही झाली, शिक्का बसला. शाईचा पॅड शोधण्यासकट चार मिनिटं लागली. तेवढ्यात खिडकीही दोन बोटं वाढली.

मग आत्याने गॅस पेटवून मोठा केला, तेल तापवलं, लसूण टाकला. भाज्या कुरकुरीत असतानाच नूडल्स घालून दोन उलथन्यांनी भराभर वर-खाली केल्या. साहेबांनी तीनदा घेतल्या.

"कुणी केल्या हो?"

आत्या पदराला हात पुसत पुढे आली. आनंद तिच्या पोटात मावत नव्हता. "मी, साहेब. आता दुकानच काढतेय. आत्ताच परवाना मिळाला, चार मिनिटांत!"

साहेबांनी काटा खाली ठेवला. "चार मिनिटांत?"

सोमवारी चौकशी समिती नेमली गेली. आठ महिन्यांबद्दल समितीने चकार शब्द काढला नाही, कारण ते नियमात बसत होते. चार मिनिटं कुठल्याच नियमात बसेनात. अर्जदार नात्यातली असल्याने तिला झुकतं माप मिळालं, असा निष्कर्ष निघाला. निरीक्षकांना समज मिळाली, परवाना रद्द झाला. दुकानाची रंगवलेली पाटी आत्याने पलंगाखाली सरकवली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

शेजारीपाजारी मात्र खूप बोलले. "ओळख असली की सगळं होतं बघा! आपल्यासारख्यांनी काय करायचं?" एवढं बोलून ते एकेक करून, इतरांची नजर चुकवून, आत्याकडे आले. कुणाचं नळजोडणीचं अडलं होतं, कुणाचं बदलीचं.

"आत्या, त्या नूडल्स कशा केल्या होत्यास, जरा सांग ना."

आत्या सांगते. हातचं काही राखत नाही. फक्त आधी विचारते, "जेवायला किती माणसं?" अजून एकानेही घरची माणसं मोजलेली नाहीत. सगळ्यांचं उत्तर एकच असतं: "साहेब आणि त्यांच्या बाई."

कृती तुम्हालाही मिळेल. संकोच करू नका, आत्या कुणाला नावं ठेवत नाही. फक्त तुमची फाईल कुठल्या टेबलावर आहे तेवढं सांगा. त्यावर तिखटाचं प्रमाण ठरतं.