छोट्या लाईनीचा शेवटचा मालबाबू

बुऱ्हाणपुरात जिचं नाव रेल्वेनं सरकारी दारावर रंगवलं अशी बाई एकच, आणि ती म्हणजे मालूबाई. हे मालूबाई स्वतःच सांगायची, त्यामुळे शंका काढायची कोणाची छाती नव्हती.

अरुंद रुळांची छोटी लाईन चालू होती तेव्हा तिचा नवरा दत्तात्रय पिंपरखेडी स्टेशनावर काटेवाला होता. खटका ओढायचा, गाडीला रूळ बदलून द्यायचा. लग्न होऊन ती क्वार्टरात आली, त्याच आठवड्यात त्यानं तिला स्टेशनातल्या एका दारापुढे उभं केलं. वर निळी पाटी, पांढरी अक्षरं.

"वाच."

"वाचता आलं असतं तर तुमच्या गळ्यात पडले असते का?"

"तुझं नाव आहे ते. रेल्वेनं लिहून घेतलं."

शाळा तिनं रस्त्यावरूनच पाहिलेली. पण ती अक्षरं तिनं डोळ्यांत भरून आणली आणि क्वार्टराच्या मागच्या भिंतीवर कोळशानं गिरवत बसली. चार महिन्यांत अशी सही आली की लिहिताना मान वर करायची गरज नाही.

पुढे लाईन बंद पडली, दत्तात्रय गेला, आणि ती राजघाटाजवळ मुलाकडे राहायला आली. तिथे भूपेंद्र नावाच्या मास्तरानं दहा-बारा जण जमवून पिंपरखेडीचं ते पडीक स्टेशन वाचवायचं काढलं. झाडलोट करायची, जुने कंदील शोधायचे, पाट्या पुन्हा रंगवायच्या.

"भंगारच गोळा करतात, फक्त त्याला धरोहर म्हणतात," मालूबाई सुनेला, रश्मीला म्हणाली. तरी बैठकीला गेली, आणि पहिल्या रांगेत बसली. तिला एकच गोष्ट हवी होती. त्या खटक्याशेजारी दत्तात्रयच्या नावाची पाटी. एकोणीस वर्षांत त्यानं एक गाडी चुकीच्या रुळावर जाऊ दिली नव्हती, आणि आज ते सांगणारं तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

रजिस्टर फिरलं. तिनं सावकाश, ठसठशीत सही केली.

पुढच्या रविवारी भूपेंद्र उभा राहिला तो रजिस्टर छातीशी धरून. "मागच्या खेपेला आपल्यात एक मोठा माणूस येऊन गेला आणि आपल्याला पत्ताच नाही. पिंपरखेडीचे मालबाबू. मालाच्या पावत्या फाडायचे ते. सही आहे, फोन नंबर नाही. आज आले असतील तर उभे राहा ना, साहेब."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मालूबाईनंही पाहिलं. कोणी उठलं नाही.

त्या दिवशीही रजिस्टरात सही पडली. तिसऱ्या रविवारीही. भूपेंद्रनं रजिस्टर कपाळाला लावलं. "येतात, बसतात, चुपचाप जातात. याला म्हणतात नम्रपणा."

"चोरही असाच येतो," मालूबाई म्हणाली.

कार्डं छापून आली. छोट्या लाईनीच्या शेवटच्या मालबाबूंचा सत्कार. काटेवाल्याचं नाव कार्डावर शोधूनही सापडेना, असं रश्मीनं वाचून सांगितलं. मालूबाईनं भूपेंद्रला गाठलं.

"आणि माझ्या माणसाचं काय?"

"काकी, प्रोग्राम एकच घंट्याचा आहे. पंधरा मिनिटं मालबाबूंना दिलीत. काटेवाल्यांचं पुढच्या साली पक्कं."

पुढच्या साली. मालूबाईनं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि त्या बाबूचं सोंग भर सभेत उतरवायचं ठरवलं.

कार्यक्रम स्टेशनावरच होता. फुलं लावलेली खुर्ची रिकामी, शाल घडीतच, माईकवर भूपेंद्र तिसऱ्यांदा मालबाबूंना हाक मारत होता. मालूबाई उठली आणि माईक हातात घेतला.

"तो येणार नाही. तिन्ही बैठका मी पुढे बसून पाहिल्या, बाबू-बिबू कोणी नव्हता. असल्या लफंग्याला शाल देता. आणि ज्याच्या बायकोचं नाव रेल्वेनं त्या दारावर लिहिलं, त्याला पुढच्या साली?"

तिनं बोट दाखवलं. पाटी नव्यानं रंगवलेली, लखलखीत. भूपेंद्रनं वर पाटीकडे पाहिलं, खाली रजिस्टरात पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"काकी," तो हळूच म्हणाला, "तिथे माल बाबू लिहिलंय."

"सगळं?"

"सगळं. मा, ल, बा, बू. मालाची कचेरी होती ती."

मालूबाईनं गर्दीत सुनेला शोधलं. रश्मी जमिनीकडे बघत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"अकरा वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"आत्याबाई, पोळ्या तुम्ही करता. त्या जाड झाल्या तरी मी कधी बोलले का?"

सगळं स्टेशन हसलं. मालूबाई माईक धरून तशीच उभी. तिला ती भिंत आठवत होती. दत्तात्रय संध्याकाळी ड्यूटीवरून आला तेव्हा अर्धी भिंत काळी झालेली. तो उंबऱ्यावर बसला, बराच वेळ बघत राहिला. "अक्षर छान आहे," एवढंच म्हणाला.

"थट्टा केली होती त्यांनी," ती माईकवर म्हणाली. "घरी येऊन सांगणार असतील. पण मी लिहायला बसले होते." तिनं माईक दुसऱ्या हातात घेतला. "दर दिवाळीला क्वार्टराला चुना लावायचे. ती एक भिंत सोडून. मी म्हणायची, आळशी माणूस."

आता कोणी हसत नव्हतं. भूपेंद्रनं खाली मान घालून विचारलं, "खटक्याजवळची पाटी येत्या रविवारीच लावू, काकी. नाव काय लिहायचं?"

"दत्तात्रय. आणि रंगवल्यावर मला दाखवू नकोस, रश्मीला दाखव." शाल मात्र तिनं घेतली. सह्या तिच्याच होत्या.

रश्मीनं मग तिला तिचं खरं नाव शिकवलं. दोन महिने सासू वही घेऊन सुनेपुढे बसली, आणि सुनेनं ते दोन महिने पुरेपूर भोगून घेतले. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मालूबाई बँकेत गेली, आणि जन्मात पहिल्यांदा ऐटीत लिहिलं, मालूबाई.

काउंटरवरच्या मुलीनं कागद पाहिला, जुनी सही पाहिली. "अम्मा, सही मेल नहीं खाती. ये आप नहीं हैं."

मालूबाईनं रश्मीकडे पाहिलं. रश्मीनं छताकडे पाहिलं. मग मालूबाईनं दुसरा कागद मागून घेतला, मान वर न करता सही केली, आणि शिक्का पडला. मालबाबू आणखी एका वर्षासाठी हयात ठरले.